उतारा

कारखान्याच्या लॅबमध्ये चौतीस हंगाम
मी उसाचा साखर उतारा काढला.
रस गाळायचा, नळीत भरायचा, भिंगाला डोळा लावायचा
आणि वहीत लिहायचं : दहा पॉइंट आठ. अकरा पॉइंट दोन.
आकडा चढला की साहेब पेढे वाटायचे.

आता सकाळी उपाशीपोटी
सून माझ्या बोटाला सुई टोचते,
थेंब पट्टीवर घेते,
आणि आकडा चढला की
घरात कुणी बोलत नाही.

पहिला होता दोनशे शहाऐंशी.
अंबाजोगाईच्या काझी मॅडमनी कागदावर ताट काढलं,
पेनानं त्याचे वाटे पाडले :
अर्धं भाजीला, पाव डाळी-उसळीला,
उरलेल्या पावात भाकरी. एक.
"एक?" मुद्रिका म्हणाली,
जसा कुणी तिच्या शेताचा बांध कोरला.

तिच्या हाताला वाढणं तेवढं ठाऊक.
पहिले पंधरा दिवस तिनं इमानानं
एकच भाकरी थापली.
परातीएवढी.

शेजारची केवळबाई म्हणाली,
दृष्ट आहे ही, भाकरीचा उतारा टाका तिकटीवर.
म्हटलं, बाई, एक तर मिळते दिवसाला मोजून,
तीही तिकटीला?

काय खायचं त्याची यादी वाचली आणि हसू आलं.
अंबाडी. करडईची कोवळी पानं. घोळ. पाथरी.
ताकातल्या ज्वारीच्या कण्या, जवसाची चटणी.
लहानपणी हेच शिजायचं, आणि दारात कुणी आलं
की आई पातेल्यावर झाकण ठेवायची.
पहिल्या पगाराला मीच म्हणालो होतो,
यापुढं आपल्या घरात गहू-तांदूळ.
आता तेच झाकलेलं पातेलं
डॉक्टरांच्या सहीनं परत आलंय.

खाजामियाँ माझ्या शेजारच्या टेबलावर असायचे.
म्हणायचे, गोळी घेतो ना, मग जिलबीला काय भ्यायचं.
त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं
लातूरच्या दवाखान्यात राहिली.
आता रोज त्यांचाच फोन :
जेवलास? काय जेवलास? चाललास किती?

येळवशीला शेतात कोपीपुढं पंगत बसली.
भज्जी दोनदा घेतली, आंबील घेतलं.
खिरीचं पातेलं आलं तेव्हा
माझ्याकडं कुणीच बघितलं नाही,
इतकं ठरवून, की ते मला दिसलं.
एक चमचा घेतला. जिभेवर नुसता ठेवला.
साठ वर्षं ही खीर ओरपत आलो,
तिच्यात बडीशेप असते हे त्या दिवशी कळलं.

मग मी शहाणा झालो. जरा जास्तच.
आकडा उतरतोय म्हणून रात्रीचं जेवण सोडलं.
गोळी तेवढी घेतली.
अडीचला जाग आली तर बनियन ओलंचिंब,
हात चाळणीसारखे हलतायत,
आणि शेजारी झोपलेल्या बाईचं नाव आठवेना.

दिवाळीला सभासदांना मिळते ती साखर,
आमच्याच कारखान्याची,
सुनेनं माझ्या नजरेआड माळ्यावर टाकलेली.
त्या पोत्याची सुतळी तिनं दातानं तोडली.
तीन चमचे पाण्यात कालवले,
पेला ओठाला लावला, मान धरली.
घड्याळाकडं बघत बसली.
बऱ्याच वेळानं मी म्हणालो, "मुद्रिका."
"हं," ती म्हणाली,
आणि पदरानं माझा घाम पुसता पुसता
मला एक कचकचीत शिवी दिली.

काझी मॅडम म्हणाल्या, उपास म्हणजे पथ्य नाही.
थोडं खा, पण वेळेला खा.
म्हणून आता संध्याकाळी सातला
अर्धी भाकरी, वाटीभर मटकी, मग गल्लीतून चार चकरा.
आजचा आकडा एकशे बावीस.
वही लॅबमधलीच आहे, मागची पानं कोरी होती.

मुद्रिका पिठाचा गोळा तळहातावर तोलते,
जास्तीचं चिमटीनं काढते, बाजूला ठेवते.
अजूनही तिचा हात
तिथं थोडा थांबतो.